रात्रीचा ब्रश मोठ्यांच्या हातात: मुलांच्या दातांची रोजची निगा

आमच्या थोरलीच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीच्या अगदी कडेला, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ होती. मी ती पाहिली होती. दुधाचा साका असेल म्हणून ओल्या कापडाने पुसली, पुसली गेली नाही, आणि मी विसरून गेले. तेव्हा ती दीड वर्षाची होती. तिसऱ्या वाढदिवसापर्यंत तिथे तपकिरी खड्डे पडले आणि साडेचार वर्षांची असताना एका रात्री दोन वाजता तिची दाढ ठणकायला लागली. सकाळी बालदंततज्ज्ञांनी तोंड उघडायला लावण्याआधी दोनच प्रश्न विचारले. झोपताना बाटलीने दूध पिते का? रात्रीचा ब्रश कोण करतं? पहिल्याचं उत्तर "हो" होतं आणि दुसऱ्याचं "कोणीच नाही".

धाकटा आता नऊ वर्षांचा आहे, त्याच्या एकाही दाताला कीड नाही. दोघांचं घर एक, स्वयंपाक एक, दिवाळीचा फराळही एकच. फरक मुख्यतः रात्रीच्या दोन मिनिटांचा आहे. वेळ नसेल आणि या लेखातली एकच गोष्ट करायची असेल, तर ती ही: मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत झोपण्याआधीचा ब्रश मोठ्या माणसाने करायचा. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

"दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत"

हे वाक्य आमच्याकडे सासूबाईंनी म्हटलं, माझ्या आईनेही म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं. दुधाचे दात 20. पुढचे सहा-सातव्या वर्षी पडायला लागतात हे बरोबर, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पाचव्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून पाच-सहा वर्षं काम करायचं असतं. ती आधीच काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते, आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागाच उरत नाही. मग तो वाकडा येतो किंवा हिरडीतच अडकतो. शिवाय दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातावर डाग किंवा खळगा राहू शकतो.

कीड लागते म्हणजे काय होतं, तेही थोडक्यात समजून घेतलेलं बरं, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. दातावरच्या थरातले जीवाणू साखरेचं आम्ल करतात. आम्लता ठरावीक पातळीपलीकडे गेली, म्हणजे पीएच साधारण 5.5 च्या खाली उतरला, की दाताच्या वरच्या कवचातली खनिजं विरघळायला लागतात. लाळ हळूहळू ते आम्ल मारते आणि गेलेली खनिजं परत भरते, पण त्याला अर्धा तास तरी लागतो, कधी जास्तच. दिवसातून चार-पाच वेळा खाल्लं तर लाळेला पुरेसा वेळ मिळतो. दर तासाला काहीतरी तोंडात गेलं तर मिळत नाही. आणि झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून रात्री दातावर राहिलेलं दूध किंवा बिस्किटाचा चिकटा सकाळपर्यंत बिनविरोध काम करतो.

पहिलं वर्ष

उष्टावण होतं त्याच सुमारास, सहाव्या महिन्याच्या आगेमागे, खालचे दोन पटाशीचे दात दिसतात. कुणाला चौथ्या महिन्यात येतात, कुणाला वर्ष उलटतं, दोन्ही चालतं. वरचे आधी आले तर मामाला जड जातं असं म्हणतात. आमच्या धाकट्याचे वरचेच आधी आले. मामा ठणठणीत आहे.

दात येण्याआधी दिवसातून एकदा स्वच्छ ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पुसा. दातांसाठी त्याने फार काही साधत नाही, पण बाळाला तोंडात बोट जाण्याची सवय होते आणि पुढची लढाई अर्धी होते. दात येताना बाळ चिडचिडं होतं, लाळ गळते, हिरडी सुजते. स्वच्छ बोटाने हिरडी चोळा, फ्रीजमध्ये गार केलेलं ओलं फडकं चावायला द्या. जोराचा ताप आणि जुलाब मात्र दातांमुळे होत नाहीत. या वयात मूल रांगतं आणि जे सापडेल ते तोंडात घालतं, त्याचे ते प्रताप असतात. दातांवर ढकलून घरी थांबू नका. हिरडीला लवंगेचं तेल लावू नका, नाजूक कातडी भाजते. मध तर वर्षाच्या आत कशातूनच नको: बॉट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

पहिला दात दिसला की त्या दिवसापासून ब्रश. आणि पहिल्या वाढदिवसाच्या आत दंतवैद्याकडे एक फेरी.

पेस्ट निवडताना ट्यूबची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला अस्वल आणि स्ट्रॉबेरी असते, कामाची माहिती मागे बारीक अक्षरात. तिथे फ्लोराइड किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आहे ते शोधा. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये 1000 पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड घालायला परवानगी नाही आणि किती आहे ते ट्यूबवर छापणं कंपनीला बंधनकारक आहे. कीड रोखण्याचा भरवशाचा परिणाम 1000 च्या आसपासच्या पेस्टचाच दिसतो. लहान मुलांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये त्याच्या निम्मंच असतं, काहींत अजिबात नसतं. म्हणजे घरातल्या मोठ्यांची साधी पेस्ट बऱ्याचदा मुलांसाठीही चालते, फक्त प्रमाण पाळायचं:

- तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी.
- तीन ते सहा वर्षं, वाटाण्याच्या दाण्याएवढी.

जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पसरलेली पेस्ट दाखवतात ती पेस्ट खपवण्यासाठी. तांदळाएवढी पेस्ट मुलाने गिळली तरी चिंता नाही, पण ट्यूब त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. गोड चवीची पेस्ट चाटून संपवणारी मुलं मी पाहिली आहेत. पेस्ट मोठ्यांनीच काढून द्यायची.

घासायचं कसं

ब्रश लहान डोक्याचा, मऊ केसांचा. केस बाहेर वळले की बदला, एरवी तीन महिन्यांनी.

दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला उभं करून दात घासणं म्हणजे पळत्या रिक्षात सुई ओवणं. दोघं मोठी माणसं समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसा. मुलाचे पाय एकाच्या कमरेशी, डोकं दुसऱ्याच्या मांडीवर. ज्याच्या मांडीवर डोकं आहे तो घासेल, दुसरा हात धरेल आणि गाणं म्हणेल. एकटं असाल तर पलंगावर बसून मुलाचं डोकं मांडीवर घ्या. मूल रडेल. रडताना तोंड चांगलं उघडतं, त्याचा फायदा घ्या. आठ-दहा दिवसांत रडणं कमी होतं. आमच्याकडे अकराव्या दिवशी धाकटा स्वतःहून मांडीवर आडवा झाला.

तीन वर्षांनंतर आरशासमोर मुलाच्या मागे उभे राहा. त्याचं डोकं तुमच्या छातीला टेकवून थोडं मागे, म्हणजे वरचे दातही दिसतात. डाव्या हाताच्या बोटाने ओठ आणि गाल बाजूला करा. हे न करता घासलं तर ब्रश ओठावरच फिरतो. मग:

1. केस अर्धे दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर टेकवा आणि लहान लहान गोल फिरवा. कीड बऱ्याचदा त्या कडेपासूनच सुरू होते.
2. सुरुवात रोज एकाच ठिकाणाहून, उदाहरणार्थ वरच्या उजव्या शेवटच्या दाढेपासून. क्रम ठरला की काही सुटत नाही.
3. वरच्या दाढांची गालाकडची बाजू घासताना तोंड "आ" नको, अर्धं मिटलेलं हवं. मोठं उघडलं की गाल ताणला जातो आणि ब्रश आत जातच नाही. हे मला सहा वर्षांनी कळलं.
4. खालच्या दातांची जिभेकडची बाजू. इथे मुलं ओकारी काढतात, म्हणून हा भाग मध्येच उरकून घ्या, शेवटाला ठेवू नका.
5. दाढांचा चावायचा पृष्ठभाग पुढे-मागे.

एकूण दोन मिनिटं. घड्याळ लावलं की मुलं घड्याळाकडेच बघतात, आम्ही पाढे म्हणतो.

शेवटी फक्त थुंकायचं. खळखळून चूळ भरायची नाही. आपल्या अंगवळणी पडलेल्या सवयीच्या हे उलट आहे आणि घरातल्या ज्येष्ठांना शिसारी येते, मला माहीत आहे. पण चूळ भरली की पेस्टमधलं फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. ते रात्रभर दातावर राहावं यासाठी तर एवढा खटाटोप. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

दुधाच्या दाढा एकमेकींना चिकटल्या की त्यांच्या मधल्या फटीत ब्रश पोचत नाही आणि तिथली कीड वरून दिसतही नाही. साधारण चार वर्षांनंतर रात्री तेवढ्या दाढांमध्ये फ्लॉस, म्हणजे फटी साफ करायचा बारीक दोरा, फिरवा. मेडिकलमध्ये धनुष्यासारखे दांडीचे फ्लॉस मिळतात, ते मुलांच्या तोंडात सोपे जातात. घासताना हिरडीतून रक्त आलं तर घासणं थांबवू नका; हिरडीच्या कडेला थर साचलेला असतो म्हणून ते येतं, नीट घासल्यावर आठवड्याभरात थांबतं. नाही थांबलं तर दाखवा.

सकाळचा ब्रश मुलांना स्वतःचा स्वतः करू द्या. हौस भागते, हात वळतो. रात्रीचा तुमचा.

किती गोड यापेक्षा किती वेळा गोड

जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, 5 टक्क्यांच्या आत आली तर अधिक चांगलं. दिवसाला 1300 कॅलरी लागणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला 10 टक्के म्हणजे सगळं मिळून सहा-सात चहाचे चमचे. दुधातली साखर, चॉकलेटची पावडर, बिस्किटं, जॅम, सरबत हे सगळं त्यातच. गूळ, मध, काकवी यांनाही सूट नाही. जीवाणूंना सेंद्रिय-बिंद्रिय कळत नाही.

पण दातांपुरतं बोलायचं तर वेळा मोजणं जास्त उपयोगी आहे. सकाळचा नाश्ता, शाळेचा डबा, दुपारचं जेवण, चारचं खाणं, रात्रीचं जेवण. पाच. या मधल्या वेळात फक्त पाणी. गोड द्यायचंच तर जेवणाच्या ताटात: श्रीखंड पुरीबरोबर, मोदक नैवेद्याच्या पानात. तेव्हा लाळही भरपूर सुटलेली असते. दिवाळीत करंजी-शंकरपाळ्यांचे डबे दिवसभर उघडे असतात आणि येता-जाता हात जातो, तिथे खरा घोळ होतो. ताटलीत वाढा, एका बैठकीत खाऊ द्या, डबा बंद.

चिकटणाऱ्या पदार्थांवर विशेष लक्ष. ग्लुकोज बिस्कीट दुधात बुडवून खाल्लं की त्याचा लगदा दाढेच्या खाचेत बसतो. वेफर्स आणि कुरकुरीत पाकिटांचंही तसंच, खारट असले तरी. चिक्की, बेदाणे, खजूर पौष्टिक आहेत, पण डब्यात नको, कारण शाळेत नंतर कोणी तोंड धूत नाही. शेंगदाणे, चणे, काकडी, चीज, पोळीचा रोल हे चालतं. लिंबू सरबत, कैरी, कोला असं आंबट काही झालं तर अर्धा तास थांबून मग ब्रश.

खोकल्याची आणि तापाची बरीच औषधं साखरेच्या पाकात असतात. रात्रीचा डोस ब्रशच्या आधी द्या.

बाटलीचं काय? एक वर्ष झालं की दूध पेल्यातून. झोपतानाची बाटली एकदम काढली तर घर डोक्यावर घेतात, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी दुधात पाणी वाढवत न्या. दोनेक आठवड्यांत बाटलीत नुसतं पाणी उरतं आणि मुलाचाच तिच्यातला रस संपतो. पेल्यातलं दूध जेवणाबरोबर, मग ब्रश, मग झोप.

महिन्यातून एकदा मोबाइलचा टॉर्च

दर महिन्याला, आमच्याकडे पगाराच्या दिवशी, मुलाला आडवं करून वरचा ओठ उचलून बघा. हिरडीच्या कडेला खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती कीड लागण्याची पहिली खूण आहे. आणि याच टप्प्यावर ती परत फिरवता येते: रात्रीचं दूध बंद, फ्लोराइडची पेस्ट, दवाखान्यात फ्लोराइड वार्निशचा लेप. पुढची पायरी पिवळट-तपकिरी खड्डा. तो आपोआप भरत नाही. दाढांच्या खाचांत काळसर ठिपका, दाढेच्या खाली हिरडीवर मुरमासारखी पुळी, एकाच बाजूने चावणं, हे दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. पुळी म्हणजे मुळाशी पू आहे, दुखत नसलं तरी.

सहाव्या वर्षी गुपचूप येणारी दाढ

सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एक दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही आणि कळलं तरी ती दुधाचीच वाटते. ती कायमची आहे. तिच्या खाचा खोल असतात आणि पूर्ण वर यायला महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दाढांच्या पातळीखाली राहते, त्यामुळे ब्रश वरूनच निघून जातो. कायमच्या दातांपैकी सगळ्यात जास्त हीच किडते. त्या काळात ब्रश आडवा, गालाच्या बाजूने आत घालून ती एकटी वेगळी घासा. पूर्ण वर आल्यावर दंतवैद्याकडून खाचा सीलंटने, म्हणजे खाच बुजवणाऱ्या पातळ लेपाने, भरून घ्या. सुई नाही, ड्रिल नाही, एका दाढेला काही मिनिटांचं काम.

याच वयात खालचे नवे दात दुधाच्या दातांच्या मागे, दुसऱ्या रांगेत दिसतात. घाबरू नका, दुधाचा दात हलत असेल तर जिभेच्या धक्क्याने बहुधा जागा होते. नवा बराच वर येऊनही जुना घट्ट असेल तर दाखवा. वरच्या दोन दातांमधली फट साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे आले की बहुतेकदा आपोआप कमी होते, त्याआधी तारा बसवायची घाई नको. पडलेला दात शेणात गुंडाळून कौलावर टाकायचा की उंदराच्या बिळात, ते तुमच्या तुमच्या गावच्या रीतीने ठरवा. आमच्या सहाव्या मजल्यावर कौल नाही, आम्ही कुंडीत पुरतो.

दवाखाना

दर सहा महिन्यांनी, दुखत नसताना. पहिली भेट दुखण्याच्या दिवशी झाली की मुलाच्या डोक्यात दवाखाना आणि कळ यांची कायमची गाठ पडते. वेळ सकाळची घ्या, मुलाची झोप झालेली असते. आणि "ऐकलं नाहीस तर डॉक्टरांना इंजेक्शन द्यायला सांगेन" हे घरात आजपासून बंद. "काही दुखणार नाही" असंही सांगू नका. "डॉक्टर दात मोजणार आहेत" एवढं पुरे.

दुधाच्या दाढेला रूट कॅनाल आणि वर स्टीलची कॅप सांगितली तर ती लूट असेलच असं नाही. दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकवायची असते. दाढ काढायलाच लागली तर जागा राखणारी तार बसवायची का, हे तुम्ही विचारा. लहान मूल ड्रिल करू देत नसेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा लेप हा पर्याय आहे. कीड थांबते, पण तो भाग काळा पडतो, हे आधीच माहीत असू द्या. आणि वरचा दात काढल्याने डोळा अधू होत नाही.

खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, इथे मुलांच्या दातांचे स्वतंत्र विभाग आहेत. दिवस मोडतो, पण काम नीट होतं. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत येतात, त्यांच्या तपासणीत दातही असतात. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात विरघळू देऊ नका.

दात पडला, गाल सुजला

खेळताना कायमचा दात मुळासकट निघाला तर घड्याळ सुरू झालं असं समजा. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात नको. माती असेल तर गार दुधाने किंवा पाण्याने काही सेकंद धुवा, घासू नका, पुसू नका. जमत असेल तर लगेच त्याच खळग्यात नीट बसवून रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर पिशवीच्या गार दुधात टाका आणि अर्ध्या तासात, फार तर तासाभरात दंतवैद्य गाठा. कोरड्या रुमालात गुंडाळून नेलेला दात सहसा वाचत नाही. शाळेजवळ दूध कुठे मिळतं हे क्रीडाशिक्षकांना माहीत हवं. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या दाताला इजा होते. फक्त दाखवून या. मातीत पडल्यावर धनुर्वाताची लस झाली आहे का तेही बघा.

दाढ ठणकत असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने चूळ आणि डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल. गोळी दाढेत दाबून ठेवायची नाही. गाल सुजला असेल तर बाहेरून गरम शेक देऊ नका. सुजेबरोबर ताप असेल, डोळा मिटायला लागला असेल, गिळता येत नसेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा.

मशेरी आणि विहिरीचं पाणी

1992 पासून दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला कायद्याने बंदी आहे, पण तव्यावर भाजलेली मशेरी अजून अनेक घरांत सकाळी हातावर येते. आजीच्या मांडीवर बसलेला नातू तेच बोट स्वतःच्या हिरडीवर फिरवतो. मशेरी म्हणजे तंबाखूच. आजीला पन्नास वर्षांची सवय एका दिवसात सोडायला लावणं अवघड आहे, पण ती डबी उंच ठेवा आणि नातवंडांसमोर लावू नका, हे बहुतेक आज्या ऐकतात. राखुंडी आणि खरखरीत लाल मंजनंही मुलांना नकोत, दाताचं कवच झिजतं.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या किनवट भागात काही बोअरवेलच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर कमाल 1.5. त्यापुढे कायमच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात. हे पट्टे दात हिरडीत तयार होत असताना, साधारण आठ वर्षांपर्यंत, ठरून जातात. म्हणून लहान मुलं असलेल्या घराने पाणी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण प्रयोगशाळेत तपासून घ्यावं. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट दाट होतं. कॅन्डलच्या फिल्टरनेही नाही. आरओने जातं. अशा भागात पेस्ट कोणती आणि किती, ते दंतवैद्याला विचारून ठरवा.

थोरली आता साडेबारा वर्षांची आहे. दुधाची शेवटची दाढ गेल्या महिन्यात पडली, आणि मागे बाराव्या वर्षी येणारी कायमची दाढ अर्धी वर आली आहे. परवा रात्री ती म्हणाली, आई, मागे पोचत नाहीये, तू घास.